लाल पाकीट

कोल्हापूरच्या माणसाला दोनच रंग ओळखता येतात, तांबडा आणि पांढरा, आणि तेही वाटीत असतील तर, असे आमच्या शाळेतले गणिताचे एक जुने मास्तर म्हणत असत. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि तेव्हापासून रंगांवरच पोट भरतो. कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन मागाहून जडले. तेव्हा हा आरोप निदान मला तरी लागू पडू नये. पण थोरल्या दवाखान्यातल्या एका लहानशा खोलीत रचून ठेवलेली रंगीत पाकिटे मी पहिल्यांदा पाहिली आणि माझी मती गुंग झाली. राखी, हिरवे, पांढरे, निळे, तांबडे, पिवळे, काळे. सात रंग. अशा वेळी माझ्या मनात पहिला विचार कोणता यावा? यात नारिंगी का नाही, हा! माणूस घाबरला म्हणजे त्याचे मन असल्या फालतू गोष्टीला घट्ट धरून बसते.

गुप्तरोगांची औषधे त्या पाकिटांत असतात. कोणत्या लक्षणांना कोणत्या रंगाचे पाकीट द्यायचे, हे सरकारने देशभर ठरवून दिले आहे. आमच्या वाट्याला लाल पाकीट आले. आत २१ गोळ्या. दिवसातून तीन, सात दिवस. आमच्या म्हणजे माझ्या आणि हिच्या. हे वाक्य लिहायला मला आठ वर्षे लागली, म्हणून ते जरा तुटक झाले आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

या दुखण्याला मराठीत धड नाव नाही. गरमी आहे, परमा आहे. शिव्या देण्याइतके ते शब्द आपल्या ओळखीचे आहेत. याला मात्र डॉक्टर हर्पिस म्हणतात आणि आपण ऐकणाऱ्याची नजर चुकवून 'ते खालचं' म्हणतो. मूळ शब्द ग्रीक, आणि त्याचा अर्थ सरपटणे. गंमत अशी की आपल्याकडे पाठीवर, कमरेवर पट्ट्याने फोड येतात त्या दुखण्याला नागीण म्हणतात. ती याच कुळातली, पण ती कांजिण्यांच्या विषाणूची करणी, आणि तिचा शरीरसंबंधाशी काही संबंध नाही. दोन देशांतल्या माणसांना त्वचेवरचे फोड पाहून एकच सरपटणारे जनावर आठवले, याचे मला नवल वाटते. नागिणीविषयी आपण चारचौघांत बोलतो, तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो असल्या भाकडकथाही सांगतो. तिच्या या चुलत बहिणीचे नाव मात्र कुणी काढीत नाही.

२०१७ सालचा जुलै. पंचगंगा फुगलेली, घरात ओल, दोरीवरचे कपडे तीन तीन दिवस वाळत नव्हते. ही महिनाभर मिरजेला भावाकडे राहून आली होती. वहिनीचे बाळंतपण होते. आल्यावर आठवड्याभरात हिला ताप भरला, अंग मोडून आले आणि लघवीला आग होऊ लागली. "उन्हाळी लागली असेल," असे म्हणून धन्याचे पाणी झाले, सब्जा झाला. चौथ्या दिवशी हिला खाली बसवेना. मोरीत गेली की नळ मोठा सोडी. नळाच्या आवाजाखाली ती रडत होती, हे मला पुढे कळले. तेव्हा मी पाण्याच्या बिलाबद्दल काहीतरी बोललो होतो.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने न पाहता एक मलम दिले. त्याने काही उतार पडला नाही. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासले, चिठ्ठीवर इंग्रजीत एक शब्द लिहिला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सर, हे आपोआप होत नाही. कुणाकडून तरी येतं. काय ते तुम्ही नवराबायको बघा." गोळ्यांपेक्षा हे वाक्य त्यांनी आम्हाला जास्त भरघोस दिले. पैसे मात्र फक्त गोळ्यांचे घेतले.

कुणाकडून?

कादंबरीकाराला असा प्रश्न विचारू नये. सामान्य माणूस संशय घेतो तो अंदाजाने. आमच्यासारखा पात्रे, प्रसंग आणि संवाद यांसकट घेतो. त्या रात्री बाहेरच्या खोलीत गादी टाकून मी भिंतीवरच्या कॅलेंडरात मिरजेचे दिवस मोजले. वहिनीचे बाळंतपण खरे, पण महिनाभर? भावाच्या घरी वरच्या मजल्यावर एक भाडेकरू होता, मिरजेच्या एका सतारवाल्याकडे काम करणारा. त्याचे नाव हिच्या बोलण्यात दोनदा आले होते. दोनदा! माझ्या एखाद्या कादंबरीत एवढ्या पुराव्यावर मी नायिकेला विहीर दाखविली असती. बारा दिवस मी हिच्याशी चहा, भाजी आणि मुलीची फी याखेरीज बोललो नाही. हीही बोलली नाही. तिचे मौन मी कबुलीजबाब म्हणून वाचले. ती माझ्याकडून काहीतरी ऐकण्याची वाट पाहत असेल, असे माझ्या डोक्यातही आले नाही.

शेवटी फोड भरेनात, म्हणून हिच्या मैत्रिणीने, ती परिचारिका आहे, तिला थोरल्या दवाखान्यात जायला सांगितले. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, सी.पी.आर. म्हणजेच छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, याला जुने कोल्हापूरकर अजून थोरला दवाखाना म्हणतात. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनीसारख्या. त्यांनी आधी हिला एकटीला तपासले, मग मला आत बोलावले आणि विचारले, "सर, तुम्ही चित्रं काढता ना? मग हे बघा." केसपेपरच्या मागे त्यांनी पेनाने पाठीचा कणा काढला. हात कच्चा होता, पण आकृती मला जन्मभर विसरता येणार नाही.

हा विषाणू कातडीतून किंवा आतल्या ओल्या त्वचेतून शिरतो, पण तिथे राहत नाही. मज्जातंतूच्या वाटेने वर चढतो आणि कण्याच्या खालच्या टोकाशी मज्जापेशींचा जो पुंजका असतो, त्यात जाऊन निजतो. ओठावरचा त्याचा भाऊ असाच कानापुढच्या एका पुंजक्यात निजलेला असतो. ताप येऊन गेल्यावर माणसाचे ओठ उततात ते त्याच्यामुळे. शीण, ताप, चिंता, बायकांची पाळी, असे काही निमित्त झाले की तो जागा होतो आणि आल्या वाटेने खाली उतरतो. कित्येकदा उतरतो तो फोडही न आणता. कातडी चांगली दिसते, माणसाला काही जाणवत नाही, आणि त्या दिवशी तो दुसऱ्याला लागू शकतो.

"म्हणजे ज्याच्यापासून लागला, त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल?" हिने विचारले. बारा दिवसांतले हिचे ते पहिले लांब वाक्य.

"ताई, बहुतेकांना नसतंच."

आणि मग बाईंनी तो प्रश्न विचारला. "सर, तुम्हाला कधी तिथं किंवा आसपास, मांडीला, बसायच्या जागेला, काही उठलंय? पुन्हा पुन्हा, त्याच जागी?"

मी 'नाही' म्हणणार होतो. माझे तोंड तेवढे उघडलेही होते. माझ्या आधी हीच म्हणाली, "यांना गजकर्ण आहे ना. लग्नाच्या आधीपासून. पावसाळ्यात उठतं."

डाव्या कुल्ल्यावर, रुपयाएवढ्या जागेत. आधी एक दिवस मुंग्या आल्यासारखे व्हायचे, पायात कळ जायची, मग बारीक फोडांचा झुपका, मग खपली; आठ दिवसांत साफ. वर्षातून दोनदा, पुढे पुढे एकदा. मी त्याला मलम चोपडीत असे, आणि आठ दिवसांनी ते आपोआप गेले की गुण मलमाला देत असे. गजकर्ण कडेने पसरत जाते, त्याच जागी आठ दिवसांचा मुक्काम करून निघून जात नाही, हे पंचवीस वर्षे वर्तुळे काढायला शिकवणाऱ्या माणसाला कळू नये!

रक्त तपासले. दुसऱ्या प्रकारच्या विषाणूच्या खुणा दोघांच्याही रक्तात निघाल्या. पण त्या खुणा तारीख सांगत नाहीत. आज निघालेला पहिला फोड आजच्या संसर्गाचा असेल किंवा दहा वर्षांपूर्वीच्याही, हे त्यावरून ठरत नाही. कोण आधी आणि कोण नंतर, हे तर मुळीच नाही. बाई म्हणाल्या, "या कागदावरून कुणीही कुणाला काही विचारू नये."

दवाखान्यासमोर टाऊन हॉलची बाग आहे. संग्रहालयाबाहेरच्या तोफांपाशी आम्ही बसलो. पाऊस थांबला होता. लग्नाआधी दीड वर्ष मी मुंबईला नाटकांचे पडदे रंगवायला होतो, हे हिला ठाऊक होते. त्या दीड वर्षातले जे ठाऊक नव्हते, ते मी त्या बाकावर सांगितले. फार मोठी हकीकत नाही. एक बाई होती, माझ्याहून थोरली. आमचे चार महिने चालले. ती वाईट नव्हती, मीही तेव्हा वाईट नव्हतो. तिलाही काही ठाऊक नसणार.

ही ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे चौदा वर्षं मी तुमचे कपडे वेगळे भिजवले, ते गजकर्ण म्हणून." आणि चक्क हसली. मला हायसे वाटले. बायका पुरुषांचे जुने गुन्हे क्षमा करतात असे मी पुस्तकांतून लिहीत आलो होतो, ते खरे झाले म्हणून मी मनातल्या मनात लेखक म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

तेवढ्यात हिने विचारले, "आणि बारा दिवस तुम्ही काय समजत होता?"

मी गप्प बसलो.

"मिरजेला मी कुणाबरोबर होते, असं वाटलं तुम्हाला?"

मुंबईची हकीकत हिने त्या दिवशी बाकावरच सोडून दिली. मिरज मात्र अजून आमच्या घरात आहे. विषाणूसारखीच. बहुतेक दिवस निजलेली असते. एखाद्या थकलेल्या संध्याकाळी, काही कारण नसताना, वर येते.

रोगाशी मात्र आम्ही लवकर जुळवून घेतले. तो मुळात तेवढा मोठा नाहीच. पहिला झटका सगळ्यांत वाईट. तो दोन-तीन आठवडे छळतो. पुढचे सौम्य असतात आणि वर्षागणिक विरळ होत जातात. आमच्या घरी कॅलेंडरवर मी तांबड्या पेन्सिलीने बारीक ठिपका काढतो. दूधवाल्याच्या खाड्यांमध्ये तो कुणाला कळत नाही. पहिल्या वर्षी हिचे पाच ठिपके झाले. गेल्या वर्षी एक. मुंग्या जाणवल्या की त्याच दिवशी गोळ्या सुरू करायच्या. दोन दिवस वाट पाहिली तर निम्मा उपयोग गेला. मिठाच्या कोमट पाण्यात बसायचे, सुती आणि सैल कपडे घालायचे, जागा कोरडी ठेवायची, हात लागला तर धुवायचा आणि त्या हाताने डोळा चोळायचा नाही. मुंग्या आल्यापासून खपली पडेपर्यंत नवराबायकोंनी दूर राहायचे. ज्यांच्यातल्या एकालाच हा रोग आहे, त्यांनी एरवीही निरोध वापरावा. त्याने धोका बराच कमी होतो, पुरता जात नाही, कारण फोड निरोधाच्या बाहेरच्या जागीही येतो. ज्यांना तो वारंवार सतावतो, त्यांना डॉक्टर रोजची गोळी देतात, आणि तिने जोडीदाराला लागण्याचा संभवही सुमारे निम्म्याने उतरतो. टॉवेल, संडास, रंकाळ्याचे पाणी यांनी तो लागत नाही. ओठावर मात्र फोड असेल तर त्या दिवशी कुणाच्या तान्ह्या मुलाचा मुका घेऊ नये. आणि तोच ओठावरचा विषाणू तोंडावाटे खालीही जातो, हे प्रौढ वाचकांना अधिक फोड करून सांगायला नको.

आमची मुलगी २००५ सालची. सगळे कळल्यावर ही आधी तिच्या जन्माची आठवण काढून रडली. बाईंनी समजावले, की गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला हा नव्यानेच लागला तर बाळाला मोठा धोका असतो. जुन्या संसर्गात आईच्या रक्तातले संरक्षण बाळाला मिळालेले असते आणि धोका थोडा असतो. म्हणून गरोदर बाईने डॉक्टरला ही गोष्ट सांगायलाच हवी. कळा लागतेवेळी फोड असतील तर पोटातून बाळंतपण करतात. आणखी एक गोष्ट जिवावरची. हा दुसऱ्या प्रकारचा विषाणू अंगात असला की एड्सचा विषाणू लागण्याचा संभव जवळजवळ तिप्पट होतो. म्हणून ती तपासणीही आमची झाली. निकालाच्या दिवशी मी शाळेत आठवीच्या मुलांकडून स्थिरचित्र काढून घेत होतो. काढायला एक तांब्या आणि दोन वांगी ठेवली होती. निकाल चांगला आला. ती वांगी मी घरी आणली.

या गोळीमागची गोष्ट मला फार आवडते. न्यूयॉर्कच्या गर्ट्रूड इलियन यांनी काही काळ शाळेत रसायनशास्त्र शिकवले. डॉक्टरेट त्यांना करता आली नाही. पुढे एका औषध कंपनीत त्यांनी जन्म काढला, त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी १९७० नंतरच्या दशकात असायक्लोव्हिर हे औषध सिद्ध केले, आणि १९८८ साली बाईंना नोबेल पारितोषिक वाटून मिळाले. आम्हा मॅट्रिकवाल्या मास्तरांना एवढी वंशावळ पुष्कळ झाली! औषधाची युक्तीही मोठी खाशी आहे. निरोगी पेशीत ते जवळजवळ निरुपद्रवी पडून असते. विषाणू जागा होऊन आपली पिलावळ वाढवू लागला की त्याचेच एक द्रव्य या औषधाला चेतवते, आणि मग ते विषाणूच्या साखळीत खोटी कडी होऊन बसते. साखळी तिथेच तुटते. चोराने आपल्याच हाताने कडी लावून स्वतःला कोंडून घ्यावे, तसे. पण चोर निजलेला असला तर कडी कोण लावणार? म्हणून पुंजक्यात निजलेल्या विषाणूला औषध शिवत नाही. रोग आवरतो, मुळापासून जात नाही. कुणी जाहिरातीत 'जडमुळासकट' असे लिहिले असेल तर पाकीट खिशातच ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज असा, की जगात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी माणसांना हा दुसऱ्या प्रकारचा विषाणू आहे, आणि पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटींना पहिल्या प्रकारचा. पंचगंगेच्या घाटावर त्रिपुरीला पणत्या लागतात तेव्हा ती गर्दी पाहून मी मनाशी हिशेब करतो. हिला हा माझा छंद आवडत नाही.

दिवाळीच्या अंकात, चकलीच्या ताटाशेजारी, हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. गणिताच्या मास्तरांची आठवण सुरुवातीला केली. आता गणिताच्याच एका प्राध्यापकाची करतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवले. वाचक आपली खाजगी दुखणी पत्राने विचारीत, कर्वे त्यांना छापून उत्तर देत. या प्रश्नोत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. तरी २०० रुपये दंड झालाच. रद्दीच्या दुकानात त्या मासिकाचा एक विटका अंक मला मिळाला, तेव्हा मी लेख सोडून आधी प्रश्नोत्तरांचे पान उघडले. खोटे कशाला बोला, सगळेच तसे करीत असतील. कर्व्यांच्या हयातीत हे औषध नव्हते. पण त्या औषधवाल्यापेक्षा आणि त्या डॉक्टरांपेक्षा ते माझ्या अधिक कामी आले असते, कारण विचारणारा कोण आणि कसा, याचा त्यांनी उत्तर देण्याआधी निकाल लावला नसता.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचे लग्न ठरले होते. बराच वेळ पावसावर बोलला, मग म्हणाला, "मास्तर, मला ते हाय. पोरीला सांगू का नको?" मी म्हणालो, "सांग. लग्नाआधी सांग. आणि तिला घेऊन डॉक्टरकडे जा." त्याने विचारले, "ती नको म्हणाली तर?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आतून ही चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता त्याला म्हणाली, "नको म्हणाली तर आज म्हणेल. पण नंतर कळलं, तर ती रोगाचं नाही विचारणार. अजून काय काय लपवलंय, ते विचारेल." पोराने माझ्याकडे पाहिले. मी बशीत चहा ओतत होतो.

त्याच्या लग्नाचे काय झाले, ते सांगण्याचा हक्क त्याचा आणि त्या मुलीचा.

हा लेख संपादकांकडे धाडण्याआधी मी हिच्या हाती दिला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून हिने तो दोनदा वाचला. माझीच तांबडी पेन्सिल घेऊन दोन वाक्ये काढून टाकली; ती कोणती, हे आता मी सांगू शकत नाही. मी विचारले, "मिरजेचंही काढू का? बरं दिसत नाही ते."

"मिरज राहू द्या," ही म्हणाली, आणि कुकरची शिटी झाली म्हणून उठून गेली.